पत्ता न सांगणाऱ्या अक्का

अक्का रिक्षात बसल्या की पत्ता सांगत नसत. पदर सावरून, पिशवी मांडीवर घेऊन, रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत नुसतं म्हणायच्या, "नानांच्या घरी घे."

रिक्षावाला आरशातून बघायचा. "कोणते नाना, मावशी? एरिया सांगा."

"नाना. एसटीतले. तुला माहीत नाही?"

त्याला माहीत नसायचंच. जळगावात नाना म्हणवून घेणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. मी शेजारी असले तर ओशाळून पटकन कॉलनीचं नाव सांगून टाकायची, आणि अक्का माझ्याकडे रागाने बघायच्या. घर येईपर्यंत त्या रिक्षावाल्याचं गाव, सासुरवाडी, पोरं कितवीत, सगळं विचारून घ्यायच्या. उतरल्यावर फाटकाशी उभं राहून त्याला दाखवायच्या, "हे नानांचं घर. जांभळाचं झाड बघून ठेव. पुढच्या वेळी विचारायचं नाही."

कधीकधी त्या नानांनाही बरोबर घ्यायच्या. स्टेशनपासून घरापर्यंत यायचं, पाणी प्यायचं, आणि काहीही काम नसताना दुसऱ्या रिक्षाने परत स्टेशनला जायचं. घरी येताना पुन्हा तेच. "नानांच्या घरी घे." कॉलनीतले लोक हसायचे. म्हातारीला रिक्षाचं वेड आहे म्हणायचे. मीही सुरुवातीला हसले.

मी मूळची शिंदखेड्याची. पाइप बनवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून जळगावला आले आणि अक्कांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहू लागले. खाली ते दोघंच. मुलगा पुण्याला होता, तिथेच फ्लॅट, तिथेच संसार. नाना एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. उंच, सडसडीत, घरातही इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन. संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना म्हणायचे, "पुढे सरका, पुढे जागा आहे." सगळे हसून खरोखर दोन पावलं पुढे सरकायचे. मला वाटायचं, किती मजेशीर म्हातारा.

अक्कांना मात्र मजा कशातच वाटत नसे. त्यांचं लक्ष सतत कुठेतरी लागलेलं असायचं. फाटक वाजलं की हातातलं टाकून बाहेर येत. मी ऑफिसातून आले की "आलीस?" असं विचारत, आणि मी "हो" म्हटलं तरी पुढे होऊन बघत, खरंच मीच आलेय का. दुपारच्या झोपेतही त्यांचा एक हात नानांच्या कॉटच्या दिशेने लांबलेला असे.

एकदा कुठल्याशा पेपरात बातमी आली, की जळगाव आता मोठ्या शहरांच्या पंक्तीत बसणार. मी खूश होऊन ती अक्कांना वाचून दाखवली. त्या गॅसवर भरताची वांगी भाजत होत्या. हातातला चिमटा तसाच राहिला.

"कोण ठरवतं हे?"

"सरकार ठरवतं. लोकसंख्या वाढली, कारखाने आहेत, सोन्याचा बाजार आहे, विमानतळ आहे. अजून काय पाहिजे?"

"हरवलेलं माणूस शोधायला विमान येतं का?"

अक्का वांगं उलटायचं विसरून माझ्याकडे वळल्या. "मी सांगते तुला. नुसत्या नावावर माणूस घरी पोचतो, ते गाव. पत्ता सांगावा लागतो, ते शहर. आणि पत्ता सांगूनही कोणी पोचवत नाही, ते मोठं शहर."

"मग आपलं जळगाव?"

"मधेच कुठेतरी आहे," त्या म्हणाल्या. वांग्याचं साल जळून धूर झाला होता. तो हाताने वारत त्यांनी खिडकी उघडली आणि बाहेर बघत म्हणाल्या, "आणि रोज थोडं थोडं तिकडेच सरकतंय."

मला तर ते लवकर सरकायला हवं होतं. शिंदखेड्यात मी कोणाची कोण हे कुत्र्या-मांजरांनाही ठाऊक. जळगावला आले ती जरा मोकळं वाटावं म्हणून. ऑफिसातला एक सहकारी मला आवडायचा. एका रविवारी आम्ही मेहरूण तलावावर गेलो, कुल्फी खाल्ली, तासभर बोललो. घरी येऊन मी स्कूटर लावतेय तोच अक्का ओट्यावरून म्हणाल्या, "कुल्फीने घसा धरेल. तो पोरगा चांगला आहे म्हणे, पण गाडी जोरात चालवतो."

माझे कानच तापले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रिक्षा स्टँडवरच्या पोरांनी."

त्या रात्री मी पुण्याच्या तीन कंपन्यांना अर्ज पाठवले. आईला फोनवर म्हटलं, "हे काय शहर आहे? इथे माणसाला कुल्फी खायची सोय नाही."

अक्कांना माझ्यावर नजर ठेवायची नव्हती, हे मला नंतर कळलं. त्यांनी रिक्षावाल्यांना दिसेल त्या ओळखीच्या माणसाबद्दल सांगायची सवय लावली होती, त्यात मी सापडले. त्यांना खरी खबर हवी होती ती वेगळ्याच माणसाची.

ते कळलं एका दुपारी. सुट्टीचा दिवस होता. मी जिन्यावरून खाली येत होते. नाना खालच्या पायरीशी उभे. माझ्याकडे वर बघून अगदी अदबीने, त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "कोन पाहिजे व माय?"

मला वाटलं, थट्टा. मी म्हटलं, "नाना, मी वरची."

"वर कोन ऱ्हास?" ते वर बघू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. आपल्याच घराला वर एक मजला आहे हे त्यांना नव्याने दिसत होतं.

अक्का स्वयंपाकघरातून धावत आल्या, नानांना हाताला धरून आत नेलं, कूलरसमोर बसवलं. मग बाहेर येऊन माझ्याजवळ जिन्यावर बसल्या. पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत राहिल्या.

"वरीस झालं," त्या म्हणाल्या. "आधी दाढी करायला गेले आणि दुसऱ्याच गल्लीत जाऊन बसले. मग दूध आणायला गेले आणि संध्याकाळी आले. डॉक्टर म्हणे, हे वाढत जाणार. मुलगा म्हणतो पुण्याला चला, तिथे या आजाराचे मोठे डॉक्टर आहेत. असतील. पण तिथे ते एकदा फाटकाबाहेर पडले तर? कोण ओळखेल त्यांना? इथे निदान मी पोरांना ओळख करून ठेवतेय. बठ्ठ्या, सगळ्या स्टँडवरच्या पोरांना. ते नुसतं 'नाना' बोलले तरी कोणीतरी घरी आणून सोडेल."

त्यांच्या रिक्षाच्या फेऱ्या, जांभळाचं झाड, रिक्षावाल्यांची ती परीक्षा, सगळं एकदम समजलं.

त्यानंतर मीही अक्कांसारखीच घाबरू लागले. नव्या उड्डाणपुलावरून जाताना त्या म्हणायच्या, "वरून गेलं की खालची माणसं दिसत नाहीत," आणि मला ते पटायला लागलं. कॉलनीत जुना बंगला पाडून चार मजली इमारत उभी राहिली तेव्हा अक्कांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मग त्यांनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी केल्या, वर ठेचा ठेवला, नानांना नवा शर्ट घातला आणि एकेका दाराची बेल वाजवत निघाल्या. मी ताट धरून मागे. "आम्ही समोरचे. हे नाना," एवढंच सांगायच्या. बहुतेकांनी या, बसा म्हटलं. एका दाराची साखळी मात्र निघालीच नाही. फटीतून एका बाईने विचारलं, "काही विकायचंय का?" अक्का नाही म्हणाल्या. दार लागलं. खाली आल्यावर त्या फाटकाला धरून उभ्या राहिल्या. "त्या दारासमोरून नाना गेले तर तिला कळणारसुद्धा नाही," म्हणाल्या. नाना आपले भाकरीचा तुकडा मोडून खात होते.

एक जागा मात्र अक्कांनी सोडली होती, ती म्हणजे एसटीचा डेपो. गावभर ओळखी करत फिरणारी ही बाई बसस्टँडवर नानांना घेऊन कधी गेली नाही. मी एकदा विचारलं, "तिथले लोक तर नानांना आधीच ओळखतात. त्यांना सांगून ठेवायला काय हरकत?"

अक्कांचा चेहरा कठीण झाला. "तिथे नाही सांगायचं."

"का पण?"

"तिथे त्यांना मान आहे. नाना कंडक्टर म्हटलं की अजून नवी पोरं खुर्ची देतात. पैशात कधी खोट नाही, प्रवाशाशी कधी तोंड वाजवलं नाही. तिथे जाऊन मी सांगू की त्यांना आता स्वतःचं घर आठवत नाही? नाही. तेवढं राहू दे त्यांचं."

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मे महिना आला. आमच्याकडचा मे ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचा नाही. सकाळी दहाला रस्ते रिकामे होतात, दुपारी वारा अंगाला चटका देऊन जातो, दाराच्या कडीला हात लावला तर भाजतो. पण बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळायला हेच ऊन लागतं. अक्का त्या दिवशी गच्चीवर जुन्या साडीवर बिबडे पसरून बसल्या होत्या. माझी सुट्टी होती, मीही मदतीला होते. नाना खाली कूलरसमोर झोपलेले. अक्का दर थोड्या वेळाने जिन्यातून डोकावून कूलरचा आवाज ऐकून येत. आवाज येत होता, म्हणून त्यांचा जीव थाऱ्यावर होता.

शेवटचे बिबडे उलटून दुपारी दोनच्या पुढे आम्ही खाली आलो. कूलर चालू होता. कॉट रिकामी होती. दाराला आतून लावलेली कडी निघालेली, आणि उंबऱ्याजवळच्या नानांच्या चपला नव्हत्या.

"नाना घरमा नही शेतस," अक्का म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. इतक्या हळू म्हणाल्या की मला ते जास्त भयंकर वाटलं. मग त्यांनी न्हाणीघर पाहिलं, मागचं अंगण पाहिलं, पुन्हा न्हाणीघर पाहिलं. कॉटखालीसुद्धा वाकून पाहिलं.

मी स्कूटर काढली. अक्का अनवाणीच मागे बसल्या. मी परत जाऊन त्यांच्या चपला आणल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रिक्षा स्टँडवर दोघंतिघं सावलीला पेंगत होते. अक्कांना पाहून उठले.

"नाना दिसले का?"

त्यातला एक तरणा पोरगा लगेच म्हणाला, "हो अक्का, मीच सोडलं त्यांना. काळजी करू नका. उन्हात चालत होते, मी म्हटलं नाना, घरी सोडू का? तर म्हणाले, डेपोत सोड, ड्यूटी आहे. मी म्हटलं काही कार्यक्रम असेल जुन्या लोकांचा. बसस्टँडवर सोडलं. पैसे नाही घेतले."

शेवटचं वाक्य तो जरा अभिमानाने बोलला. मग आमचे चेहरे बघून त्याचा चेहरा पडला. "का? काय झालं?"

अक्कांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काही नाही बाबा. तू बरोबरच केलं." त्याला खरं काय ते कधी सांगितलंच नव्हतं. फक्त घर दाखवलं होतं.

बसस्टँडच्या चौकशीच्या खिडकीशी आम्ही पोचलो तेव्हा आतला कंट्रोलर अक्कांना पाहून उभाच राहिला. "या अक्का, या! इकडे कशा? नाना पण येऊन गेले की सकाळी." मागे बसलेल्या दोघांनी हसून नमस्कार केला. एकाने पंखा आमच्याकडे वळवला.

अक्कांनी खिडकीच्या गजाला धरलं. मी म्हटलं, "साहेब, नानांना…"

"थांब," अक्का म्हणाल्या. पदर डोक्यावर नीट घेतला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नानांना आता काही आठवत नाही. त्यांना घर कळत नाही. कधी मीसुद्धा कळत नाही. ते एकटेच निघालेत. कुठे गेले ते सांगा."

कंट्रोलर खाली बसला आणि त्याने गाड्यांच्या वेळा बघितल्या. मग एका कंडक्टरला फोन लावला. धुळ्याच्या गाडीवर होता तो. त्याचं बोलणं आम्हालाही ऐकू येत होतं. "हो, नाना होते ना! पुढच्या सीटवर बसवलं त्यांना. सगळे थांबे स्वतःच सांगत होते, पाळधी, एरंडोल, पारोळा. लोक काय खूश झाले. कुठे नाना, विचारलं, तर म्हणाले घरी. धुळ्याला उतरवून दिलं व्यवस्थित. रस्ताही ओलांडून दिला."

धुळ्याला, नाना ज्याला 'धुये' म्हणायचे, त्यांचं घर होतं, खरंच. जुन्या भागात, गल्ली नंबर चारमध्ये. लग्न होऊन अक्का त्याच घरात आल्या होत्या. पण ते विकून त्यांना जमाना लोटला होता.

पुढच्या गाडीत आम्हाला बसवून दिलं. अक्का खिडकीशी बसल्या. खिडकीतून आगीसारखा वारा येत होता, तरी त्यांनी काच लावू दिली नाही. प्रत्येक थांब्याला त्या बाहेर मान काढून बघत. मी म्हटलं, "अक्का, ते तर धुळ्याला उतरलेत." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या थांब्याला पुन्हा बाहेर पाहिलं. मी त्यांच्या मुलाला फोन केला. तो पुण्याहून निघाला. धुळ्यातल्या पोलिसांनाही सांगितलं. नंतर करण्यासारखं काही उरलं नाही. मोबाइलवर त्या दिवशीचं तापमान दिसत होतं. मी तो उलटा करून मांडीवर ठेवला.

मला एकच प्रश्न पडला होता, त्यांनी टोपी घातली असेल का? अक्कांच्याही डोक्यात तेच असणार, कारण पारोळ्याच्या आसपास त्या एकदम म्हणाल्या, "टोपी खुंटीलाच होती."

धुळ्याला उतरून आम्ही आग्रा रोडवरून आत वळलो. इथल्या गल्ल्यांना नंबर आहेत, सरळ रेषेत एकापुढे एक. चुकायला जागा नाही. तरी अक्का चौथ्या गल्लीच्या तोंडाशी थबकल्या. जिथे पाण्याच्या पाटाखालची मोरी असायची तिथे गाड्या लागल्या होत्या. एका दुकानदाराला त्यांनी नानांच्या वडिलांचं नाव सांगून विचारलं. त्याला ते माहीत नव्हतं. दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "काकू, घर नंबर सांगा ना." ज्या गल्लीत अक्का नवरी म्हणून आल्या होत्या तिथे त्यांना कोणी नावाने ओळखत नव्हतं.

त्यांच्या घराच्या जागी तीन मजली इमारत होती. खाली ब्युटी पार्लर, गुलाबी पाटी, शटर अर्धं खाली ओढलेलं. अक्का पुढे निघाल्या होत्या, पण एकदम थांबल्या. शटरखाली बायकांच्या सँडलांच्या रांगेत नानांच्या चपला होत्या, नीट जोडीने लावलेल्या.

आम्ही वाकून आत गेलो. आत गारवा होता आणि मेंदीचा वास. दोन बायका डोक्याला काहीतरी लावून बसलेल्या. आणि आरशासमोरच्या मोठ्या खुर्चीत नाना, मानेभोवती ओला टॉवेल, हातात सरबताचा ग्लास. अक्कांना पाहून त्यांचा चेहरा खुलला. त्या बायकांकडे बोट दाखवत ते म्हणाले,

"ये, बस. घरमा कितल्या पाव्हन्या उन्यात देख."

अक्का खाली फरशीवरच बसल्या. पार्लरवाली, पंचविशीची असेल, धावत आली, त्यांना पाणी दिलं. सांगू लागली, "दुपारी आले. म्हणाले हे माझं घर आहे, बाजूला व्हा. मी घाबरलेच आधी. पण अंग नुसतं तापलेलं. नाव विचारलं तर 'नाना' एवढंच सांगतात. पोलिसांना फोन केला, ते येतो म्हणाले. मधेच उठून जायला निघाले म्हणून शटर ओढून घेतलं. चुकलं असेल तर माफ करा, काकू."

"गल्लीत कोणाला विचारलं नाहीस?" मी म्हटलं.

"कोणाला विचारणार? मी नवापूरची. इथे येऊन चार महिने झाले, मी कोणालाच ओळखत नाही. कोणाच्या भरवशावर सोडू त्यांना? म्हटलं, जोपर्यंत कोणी यांचं माणूस येत नाही तोपर्यंत इथेच बसवून ठेवते."

अक्का उठून तिच्याजवळ गेल्या. मग तिचा हात, केसांना लावायच्या रंगाने माखलेला, दोन्ही हातांत घेऊन त्यांनी कपाळाला लावला. मुलगी संकोचली. "काकू, रंग लागेल," म्हणाली. लागलाच. अक्कांच्या कपाळावर तो तपकिरी डाग पुढे दोन दिवस होता.

रात्रीच्या गाडीने परत येताना नाना आम्हा दोघींच्या मधे झोपले होते. अंग अजून गरम होतं. अक्का हळूच म्हणाल्या, "डेपोत सांगून ठेवलं असतं तर गाडीत बसूच दिलं नसतं. सगळ्या गावाला ओळखी करून दिल्या आणि जिथे सांगायचं तिथे मीच तोंड मिटून बसले. मान राहावा म्हणून. मान घेऊन काय उन्हात मरायचं होतं का त्यांना?" त्या रडल्या नाहीत. मुलगा घरी पोचला होता. त्याला पाहून रडल्या.

पुण्याला जायचं ठरायला नंतर वेळ लागला नाही. मुलगा समजूतदार होता. तो ओरडला नाही, फक्त म्हणाला, "आई, तिथे गेटवर वॉचमन असतो, कॅमेरे आहेत, डॉक्टर दहा मिनिटांवर आहेत."

"तुझ्या सोसायटीत तुझं नाव सांगितलं तर वॉचमन दार दाखवेल?"

"तिथे नावावर नाही चालत, आई. फ्लॅट नंबर सांगावा लागतो."

"बरं," अक्का म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नानांकडून फ्लॅटचा नंबर पाठ करून घ्यायला सुरुवात केली. सकाळी चहाच्या वेळी, दुपारी, संध्याकाळी ओट्यावर. "नाना, घर कुठलं?" "गल्ली नंबर चार." "नाही हो. बी विंग, सातशे चार." "बरं." "मग घर कुठलं?" "गल्ली नंबर चार." अक्का चिडायच्या नाहीत. मला वरच्या खोलीत ते ऐकू यायचं आणि मी रेडिओ लावायची.

मला पुण्याहून बोलावणं आलंच नाही. पुढे त्याच सहकाऱ्याशी लग्न केलं आणि जळगावातच राहिले. पण ते नंतरचं.

जायच्या दिवशी सकाळी गाडी दाराशी आली. स्टँडवरची पोरं आली होती. नाना पुढे सरका म्हणतील म्हणून सगळे वाट बघत होते, पण ते काही बोलले नाहीत. समोरच्या इमारतीतल्याही काही बायका खाली उतरल्या. डेपोतून कंट्रोलर आला. त्याने नानांना हार घातला. नानांनी तो गळ्यात राहू दिला. कशाचा हे त्यांना कळलं नसावं. अक्का सगळ्यांचा निरोप घेत होत्या आणि मधूनमधून वळून नाना गाडीत आहेत ना ते बघत होत्या.

मुलगा समोर ड्रायव्हरशेजारी बसला. अक्का मागे नानांशेजारी बसल्या. मी खिडकीशी उभी होते, त्यांच्या मांडीवर पाण्याची बाटली आणि बिबड्यांची पिशवी देत. नानांनी शेजारी बसलेल्या बाईकडे निरखून पाहिलं. प्रवासात अनोळखी बायकांशी बोलताना ते जसे बोलत असतील तसे, थोडं अंतर ठेवून, मानाने, त्यांनी विचारलं,

"बहीन, तुम्ही कोनता गावन्या?"

मुलाने आरशातून मागे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. अक्कांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग नानांकडे वळून म्हणाल्या, "धुयानी."

नानांचा चेहरा उजळला. "मी बी धुयाना." त्यांनी सरकून अक्कांना नीट बसायला जागा करून दिली. "मंग संगेच जाऊत."

"हो," अक्का म्हणाल्या, "संगेच जाऊत." आणि ड्रायव्हरला त्यांनी गाडी काढायला सांगितलं.